नाताळची बरणी आणि उपासाचे ताट

(द्वितीय वर्ष, कला)

नाशिकला शिकायला आल्यापासून मला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला, "तुम्हां ख्रिस्ती लोकांत नाताळला घरोघरी दारू करतात, हे खरे का?" आणि दुसरा, "तुमच्यात उपास असतो का गं?" पहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू असते, दुसरा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असते. यात मैत्रिणींचा दोष नाही. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे जो ख्रिस्ती माणूस दाखवला, त्याच्या हाती बहुधा बाटलीच असे. तो कधी शेतात राबताना दिसला नाही, की शुक्रवारी मटण नको म्हणताना दिसला नाही. म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदा सविस्तर लिहावीत, असे मनात होते. वार्षिक अंकाच्या निमित्ताने तो योग आला आहे.

मी वसईची. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, असा हा हिरवा पट्टा आहे. केळी, भाजीपाला आणि फुले हे आमचे मुख्य उत्पन्न. माझे वडील वाडीत राबतात. मोगऱ्याच्या दिवसांत आमच्या घरी पहाटे तीनला दिवा लागतो, कारण फुले पहिल्या गाडीने दादरला पोचावी लागतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आम्ही सामवेदी ख्रिस्ती; आम्हांला कुपारी असेही म्हणतात. घरात आम्ही बोलतो ती कादोडी म्हणजे मराठीचीच एक बोली आहे. आजी अजून लाल लुगडे नेसते. वसईत आमच्याखेरीज वाडवळ आणि कोळी ख्रिस्तीही आहेत. मुंबई, साष्टी आणि ठाण्याकडच्या आमच्या भाऊबंदांना 'ईस्ट इंडियन' म्हणतात. हे नाव ऐकून पुष्कळांना ती माणसे बंगालची वाटतात! नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच मूळ रहिवासी, हे दाखवण्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकात ते नाव घेतले आणि १८८७ साली त्या नावाची संस्थाही मुंबईत स्थापन झाली.

१५३४ सालच्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत आमच्या पूर्वजांचा धर्म बदलला. पण जमीन, भात, नारळ आणि भाषा बदलली नाही. आमचे स्वयंपाकघर हे या दोन्ही गोष्टींचे साक्षीदार आहे. 'इंदेल' नावाचा एक झणझणीत आंबट रस्सा आमच्याकडे सणाला होतो. गोव्यात त्यालाच विंदालू म्हणतात. या शब्दात बटाटा कोठेही नाही. मूळ पोर्तुगीज नावात द्राक्षाची दारू आणि लसूण हे दोन शब्द आहेत. दारूत आणि लसणीत मुरवलेले मांस जहाजावर टिकत असे. येथे त्या दारूची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेहून आणलेली मिरची त्यात पडली. मग त्याला आमचा मसाला लागला. ईस्ट इंडियन घरांत हा मसाला उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, वीसाहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून आणि कुटून करतात व तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवतात. म्हणून त्याचे नावच 'बाटली मसाला'. बाटली गडद असल्याने उजेड आत जात नाही आणि मसाल्याचा रंग वर्षभर उडत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. नाताळसाठी घरी वाइन करण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. तिची कृती आजीच्या तोंडून ऐकलेली अशी: एक किलो काळी मनुका स्वच्छ धुऊन चिरडावी. चार लिटर पाणी उकळून पूर्ण गार करावे. चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात सुकवावी. तीत मनुका, पाणी, किलोभर साखर, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा आणि लहान चमचाभर यीस्ट घालावे. तोंडाला स्वच्छ फडके बांधावे. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने ढवळावे. एकविसाव्या दिवशी गाळून बाटल्यांत भरावे आणि तळाशी गाळ बसू द्यावा. साखर करपवून तिचे पाणी घातले की रंग गडद होतो. आजीला लिहिता येत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने रोज एक रेघ ओढी. एकवीस रेघा झाल्या की बरणी उघडायची.

द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च आणि नाताळ डिसेंबरात, म्हणून मनुका. एखाद्या वर्षी द्राक्षे स्वस्त झाली, की आजी मार्चमध्येच ताज्या काळ्या द्राक्षांची बरणी लावी. ती द्राक्षे इकडचीच, म्हणजे निफाड-दिंडोरीची असत. माझ्या वर्गातील ज्या मित्रांच्या घरी द्राक्षबागा आहेत, त्यांच्या पेट्या आमच्या वसईच्या बाजारात मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तो गाव एक दिवस माझ्या शिक्षणाचा गाव होईल हे तेव्हा ठाऊक नव्हते. पावसाच्या तोंडावर काही घरांत जांभळाची वाइन होते. आल्याची आणि बिटाचीही करतात.

या कृतीतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे, हे मला येथे ग्रंथालयात बसल्यावर कळले. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून, हिशेब नेमका उतरला तर, ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कर्बवायू निघतो. म्हणजे जवळजवळ निम्मी साखर हवेत उडून जाते! बरणीवर घट्ट झाकण न लावता फडके का बांधायचे, ते यावरून ध्यानात येईल. घट्ट बुचाच्या बाटलीत हा वायू कोंडला तर बाटली फुटते. उलट आंबणे संपल्यावर हवा लागत राहिली, तर दुसरेच सूक्ष्म जीव मद्यार्काचे व्हिनेगर करतात. म्हणून गाळल्यावर मात्र बाटली काठोकाठ भरून बूच लावायचे. आंबट रसाची धातूवर क्रिया होते, म्हणून तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य. आंबवण्याचे हे काम सजीव करतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध केले. आजीने पाश्चरचे नाव ऐकलेले नाही. पण "बरणी जिवंत असते, तिला धक्का लावू नका," असे ती आम्हां मुलांना बजावत असे.

आणखी एक गोष्ट. साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क झाला, की घरगुती यीस्ट स्वतःच त्यात तग धरू शकत नाही आणि काम थांबते. आमच्या कृतीत साखर इतकी असते, की ती सगळी संपण्यापूर्वीच यीस्ट थकते. उरलेली साखर तशीच राहते, म्हणून घरची वाइन गोड लागते. गोड लागते म्हणून ती निरुपद्रवी असते, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. गोडव्याखाली मद्यार्क असतोच. नाताळच्या दिवशी पाहुण्याला ती लहानशा पेल्यातून, केकच्या तुकड्याबरोबर देतात. पेला इवलासा असण्यामागे कंजूषपणा नसतो. तीच रीत आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मिस्साच्या वेळी वेदीवर जो द्राक्षारस वापरतात, तो आणि ही घरची वाइन एक नव्हेत. वेदीवरचा रस केवळ द्राक्षांपासून झालेला आणि न बिघडलेला असावा, असा चर्चचा नियम आहे. आमची साखरपाण्याची, गव्हाची आणि दालचिनीची वाइन तेथे चालत नाही. तेव्हा नाताळची वाइन हा धर्माचा भाग नव्हे. तो घराचा रिवाज आहे. ख्रिस्ताने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केल्याची कथा शुभवर्तमानात आहे आणि वाइनच्या समर्थनार्थ आमच्याकडचे पुरुष ती मोठ्या उत्साहाने सांगतात, हे खरे. पण नाताळला वाइन केलीच पाहिजे, असे कोठेही सांगितलेले नाही.

वाइनपेक्षा कितीतरी अधिक श्रम फराळाला लागतात, आणि त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. कलकल नावाचा पदार्थ मैद्याच्या लहान गोळ्या काट्यावर किंवा कोऱ्या फणीवर दाबून, वळवून तळतात. शंखासारख्या दिसणाऱ्या शेकडो कलकल एकटीने वळणे शक्यच नाही. त्यासाठी डिसेंबरातील एका रात्री घरातील सगळे, शेजारच्या काकू, मुले, अगदी आजोबासुद्धा परातीभोवती बसतात. नेवऱ्या म्हणजे तुमच्या करंज्याच. त्यांची ताटे नाताळच्या सकाळी हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि दिवाळीत त्याच ताटांतून आमच्याकडे चकल्या आलेल्या असतात. पेरूच्या गराच्या घट्ट वड्या आणि फुगे हेही असतेच. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे. ते आंबवायला पूर्वी ताडी वापरत. म्हणजे यीस्टचेच काम पुन्हा येथे! बरणीत तिच्यापासून मद्यार्क हवा असतो, पिठात वायू.

आता दुसरा प्रश्न. आमच्यात उपास असतो, आणि तो चाळीस दिवसांचा असतो. ईस्टरपूर्वीच्या या दिवसांना आम्ही प्रायश्चित्तकाळ म्हणतो. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून तो सुरू होतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. पण रविवार हा आनंदाचा वार असल्याने सहा रविवार वगळायचे, की बरोबर ४० राहतात. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, कारण तीही चंद्रावर ठरते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा तिचा ढोबळ नियम. त्यामुळे ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येते. माझ्या मैत्रिणींना हे सांगितले, की त्या म्हणतात, "म्हणजे तुमचेही तिथीवरच चालते की!"

चर्चच्या नियमात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक मांसवर्जन आणि दुसरा उपास. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी मांस वर्ज्य आहे. ते वयाच्या १४ वर्षांपासून पुढे सर्वांना लागू आहे. वर्षातील इतर शुक्रवारीही मांस वर्ज्य करावे असा मूळ नियम आहे, पण त्याऐवजी दुसरे सत्कृत्य किंवा प्रार्थना ठरवण्याची मुभा त्या त्या देशातील बिशपांना दिली आहे. उपास म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण. तो राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला असतो, आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत सर्वांना आहे. म्हणजे मलाही गेल्या वर्षापासून तो लागू झाला. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी हे नियम पुष्कळ सैल केले. त्यापूर्वी नाताळच्या आदल्या दिवशीही उपास आणि मांसवर्जन असे. त्याही पूर्वीच्या शतकांत या चाळीस दिवसांत अंडी आणि दूधही वर्ज्य होते. कोंबड्या काही उपास पाळत नाहीत. अंडी साठत जात. ईस्टरला अंड्यांना इतके महत्त्व का आले, याचे एक साधे कारण हेही आहे.

'मांस' या शब्दात मासे येत नाहीत. वसईसारख्या किनाऱ्यावर ही मोठीच सवलत म्हणायची! शुक्रवारी पापलेटावर ताव मारून "आज आमचा उपास" म्हणणारी माणसेही मी पाहिली आहेत. परंतु आमच्या आजीच्या मते तो उपास नव्हे, ती नियमातील पळवाट आहे. तिच्या घरात प्रायश्चित्तकाळाच्या शुक्रवारी मासळी नसते. वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी, नारळाच्या रसातला भोपळा आणि तांदळाची भाकरी एवढेच ताट. गुड फ्रायडेला दुपारी पेज आणि लोणचे. आठवड्याला मटणाचे जे पैसे वाचतील, ते ती एका डब्यात टाकते आणि ईस्टरपूर्वी कोणा गरजू घरी गुपचूप देऊन येते. ते कोणते घर, हे आम्हांलाही सांगत नाही. मांस सोडण्याला तिच्या लेखी अर्थ येतो तो या डब्यामुळे. आपण जे सोडले ते दुसऱ्याच्या ताटात पोचले नाही, तर तो केवळ पथ्याचा प्रकार झाला, असे ती म्हणते.

श्रावण पाळणाऱ्या घरांना हे सारे परके वाटू नये. श्रावणापूर्वी आषाढ अमावास्येला जी 'गटारी' होते, तिच्यासारखाच प्रकार प्रायश्चित्तकाळापूर्वी गोव्यात होतो. त्याला कार्निव्हल म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी मांस दूर करणे हाच अर्थ आहे. कोकणीत त्याला इंत्रुज म्हणतात. सोडण्यापूर्वी एकदा भरपूर खाऊन घ्यावे, ही मनुष्याची वृत्ती सर्व धर्मांत सारखीच दिसते. सोडण्याची ओढही तितकीच सारखी असावी.

या दोन परंपरांची आमच्या घरात एकदा गाठ पडली. ती हकिगत लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी काकांनाच विचारले. ते म्हणाले, "लिही. कोणाला उपयोग झाला तर बरेच." आमचे काका बरीच वर्षे दारूच्या आहारी गेले होते. लग्नसमारंभात मिळणारे गरम मसालेदार खिमाड, नाताळची वाइन, मित्रांचा आग्रह अशी प्रत्येक पायरी रिवाजाच्या नावाने चढली गेली. रिवाज म्हटला की कोणी अडवत नाही. तीन वर्षांपूर्वी ते व्यसनमुक्ती केंद्रात राहून परत आले, तो महिना नोव्हेंबरचा होता. बरणी लावायचे दिवस. घरात चर्चा झाली. कोणी म्हणाले, बरणी माळ्यावर ठेवू. कोणी म्हणाले, त्यांच्यासमोर पेला आणायचा नाही म्हणजे झाले. आजी सगळ्यांचे ऐकून घेत होती. मग ती जे बोलली ते मी प्रमाण मराठीत लिहिते: "देवासाठी चाळीस दिवस मटण सोडता, आणि पोरासाठी एक बरणी सोडता येत नाही?"

त्या वर्षी बरणी लागली नाही. त्यानंतरही लागलेली नाही. त्या बरणीत आता लिंबाचे लोणचे असते. नाताळला पाहुण्यांना रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुकांचा रस आले-दालचिनी घालून, उकळून, गार करून देतात. पेले तेच, लहानसे. आंबायला वेळच न दिल्याने त्यात मद्यार्क नसतो. पहिल्या वर्षी टीका झाली. "वाइन नाही तर नाताळ कसला?" असे जवळच्याच नातलगांनी म्हटले. काहींनी तर आमच्या घराने परंपरा मोडली असे बोलून दाखवले. काका मात्र त्या दिवशी सर्व पाहुण्यांत बसले, आणि त्यांना कोठे उठून जावे लागले नाही.

वाइन करणे वाईटच, असे मला सुचवायचे नाही. आमच्या शेजारी असे पुष्कळ लोक आहेत, की जे वर्षातून एकदा इवलासा पेला घेतात आणि त्यापुढे जात नाहीत. येथे एक कायद्याची बाबही सांगितली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची त्यात वेगळी तरतूद आहे. घरच्या बरणीला 'आमची परंपरा' एवढे कारण पुरत नाही. नाशिक परिसरात आज रीतसर परवान्याचे मोठमोठे वाइन कारखाने आहेत आणि तेथील बाटली कोणाच्याही परंपरेची नाही, ही गंमत वेगळीच. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न कायद्याच्याही अलीकडचा आहे. परंपरेतील कोणती गोष्ट धरायची आणि कोणती सोडायची, हे कशावरून ठरवावे?

मी इतिहास शिकते. इतिहास असे सांगतो, की इंदेलमधली दारू जाऊन माडाचे व्हिनेगर आले तरी इंदेल टिकले. फुग्यांतली ताडी गेली, बाजारचे यीस्ट आले, तरी फुगे फुगतातच. नाताळच्या आदल्या दिवसाचा उपास गेला, तरी मध्यरात्रीची मिस्सा आहे. तेव्हा परंपरा ही न बदलणारी वस्तू कधीच नव्हती. बदलांतून जे टिकले ते परातीभोवती एकत्र बसणे, शेजारी ताट पाठवणे, आल्यागेल्याला पेला पुढे करणे आणि आपल्या ताटातले काढून दुसऱ्यासाठी डब्यात टाकणे. पेल्यात काय आहे, याला त्या मानाने फार थोडे महत्त्व आहे.

म्हणून माझ्या मैत्रिणींना माझे उत्तर असे: होय, आमच्याकडे नाताळला वाइन करतात, आणि होय, आमच्याकडे उपासही असतो. पहिली गोष्ट काही घरांत आहे, काहींत नाही. दुसरीवाचून मात्र पहिलीचा अर्थ लागत नाही. ज्याला सोडता येते, त्यालाच सणाचा पेला शोभतो. येत्या नाताळात ज्यांना वसईला यायचे असेल त्यांनी अवश्य यावे. कलकल वळायला माणसे नेहमीच कमी पडतात.